बुजलेल्या रेस्क्यू हस्कीला धीट कसं करायचं आणि कामाला कसं लावायचं

हस्की जातीच्या कुत्र्याचं पिल्लू फोटोत भारी दिसतं म्हणून घेतलं जातं, मग वर्षा-दीड वर्षात ते घरभर केस गाळायला लागतं, रात्री लांब सूर लावतं, गेट जरा उघडं दिसलं की पसार होतं, आणि मग त्याला फार्महाऊसवर बांधून ठेवणं नाहीतर सरळ हायवेला सोडून देणं सुरू होतं. जनावराला असं उपाशी-तहानलेलं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, पण सोडणारे सोडतातच. आमच्या सातारा भागात अशी कुत्री अधूनमधून सापडतात. इथल्या हवेत हस्की विकत आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण जे आधीच इथं येऊन पडलंय, माणसाला घाबरून कोपऱ्यात बसलंय, त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच, आणि हे सगळं त्यासाठी लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हे कुत्रं ज्या कामासाठी तयार झालं ते काम म्हणजे सैबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांची स्लेज, म्हणजे बर्फावरची बिनचाकी गाडी, ओढणं, हलकं ओझं, लांबचा पल्ला, आणि ते पण एकट्यानं नाही, टोळीनं. त्यामुळं हस्की एकटं पडलं, रिकामं बसलं की आतून बिघडतं. लोक म्हणतात आधी भीती घालवू मग काम बघू. माझा अनुभव असा आहे की भीती बरीचशी कामामुळंच जाते, फक्त काम इतकं छोटं द्यायचं की ते त्याला जमलंच पाहिजे, आणि करायचं की नाही हे त्यानं ठरवायचं.

पण त्याच्याही आधी जनावरांचा डॉक्टर. कुत्रं गप्प बसतंय, हलत नाही, खात नाही, याला आपण लाजाळूपणा म्हणतो आणि आत निघतो गोचीड ताप. आपल्याकडं हा फार कॉमन आहे, एर्लिकिया नाहीतर बबेसिया या जंतूंमुळं होतो, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. हस्कीमध्ये डोळ्यांचे आजार, मोतीबिंदू वगैरे, जातीतच असतात आणि ज्याला नीट दिसत नाही ते कुत्रं दचकणारच. नाक-तोंडाभोवती, डोळ्याभोवती खपल्या दिसल्या तर झिंकच्या कमतरतेबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. रेबीजची लस, बाकीच्या लसी, जंताचं औषध हे तर आहेच. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते सातारा जिल्ह्यातच येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि केस बारीक करू नका, कृपा करून. हस्कीला दोन थर असतात, वरचा थर उन्हापासूनही वाचवतो, तो काढला की कातडी भाजते आणि नंतर केस नीट येतीलच असं नाही. आतला मऊ थर ब्रशनं काढत राहायचा, तेवढं बास.

घरी आणल्यावर पहिले दिवस काही म्हणजे काही शिकवायचं नाही. घरातली सगळ्यात थंड आणि शांत खोली त्याला द्या, शहाबादी फरशी असेल तर उत्तम, पंखा किंवा कूलर, पाणी, आणि मागं भिंत असलेला एक कोपरा. शेजारच्यांना, पाहुण्यांना, पोरांना दाखवायला बोलवू नका. जेवणाची, बाहेर काढायची वेळ रोज तीच ठेवा, कारण पुढं काय होणार हे कळायला लागलं की निम्मी भीती तिथंच कमी होते. रेस्क्यूवाले सांगतात की तीन दिवस स्थिरावायला, तीन आठवडे रूटीन कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. हा फक्त अंदाज आहे, एखाद्याला वर्ष लागतं, आणि लागू दे.

पळून जाण्याबद्दल मात्र पहिल्या मिनिटापासून कडक राहा. हस्की उडी मारतं, खणतं, कडी उघडायलाही शिकतं, आणि त्यात घाबरलेलं असलं की मागं मागं सरकून साध्या पट्ट्यातनं मान काढून घेतं. म्हणून मार्टिंगेल पट्टा, म्हणजे जो ओढला तर थोडा आवळतो पण गळा दाबत नाही तो, आणि अंगात हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, दोन्हीला वेगवेगळ्या दोऱ्या. दिसायला जास्त वाटतं पण घाबरलेलं कुत्रं साताऱ्याच्या पोवई नाक्यासारख्या वर्दळीत सुटलं तर ते हाताला लागत नाही. कंपाउंड सहा फुटाचं आणि खालून फरशी नाहीतर जाळी पुरलेली पाहिजे. गावाकडं असाल तर अजून एक, हस्कीला शिकारीची ओढ जबर असते, शेजारच्यांच्या कोंबड्या, करडं, मांजरं यांच्यापासून त्याला लांबच ठेवा, एक कोंबडी गेली की सगळी गल्ली त्या कुत्र्याच्या विरोधात जाते.

आता जवळ कसं जायचं. जायचंच नाही. तुम्ही त्याच खोलीत जमिनीवर बसा, तोंड दुसरीकडं करून, पुस्तक वाचा, फोन बघा, मेथी निवडा. मधूनच एखादा खाऊ टाका, आणि तो स्वतःकडं न टाकता कुत्र्याच्या पलीकडं, त्याच्या मागं टाका. यातली गंमत अशी की खाऊसाठी त्याला तुमच्यापासून लांब जायला मिळतं, म्हणजे सुटकाही मिळाली आणि चिकनही मिळालं, मग ते आपणहून परत वळून बघतं की अजून आहे का. हातावर खाऊ ठेवून बोलवत बसलात तर ते भुकेपोटी येतं, मान लांब करून घेतं, अंग मागंच ठेवतं, आणि घेतल्या घेतल्या त्याला कळतं की आपण फार जवळ आलो, मग जास्तच घाबरतं. खाऊ कसला म्हणाल तर उकडलेलं चिकन, पनीर, आणि सुकट. सुकट खारट असते म्हणून आधी भिजवून दोन पाण्यातनं धुवायची, वासाला हस्की वेडं होतंय. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा हे कुत्र्याला विषारी आहे, घरातल्या आज्जींना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, कारण प्रेमानं सगळ्यात जास्त खाऊ त्याच घालतात.

त्याचं अंग काय बोलतंय ते शिका. शेपूट पोटाखाली हे सगळ्यांना कळतं, पण झोप नसताना जांभई, काही खाल्लं नसताना ओठ चाटणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, एक पाय उचलून थिजणं, हे पण भीतीचंच आहे. थिजलेल्या कुत्र्याला लोक शहाणं कुत्रं म्हणतात आणि हात फिरवत राहतात, आणि मग ते एक दिवस चावतं तेव्हा म्हणतात अचानक चावलं. हात लावायची वेळ आली की डोक्यावरून नको, छातीला किंवा मानेच्या बाजूला, तीन सेकंद, आणि थांबायचं. ते जवळ सरकलं तर अजून तीन सेकंद. नाही सरकलं तर आजचं उत्तर नाही असं आहे, ते ऐकायचं. ज्या कुत्र्याचं "नाही" ऐकलं जातं ते हळूहळू "हो" म्हणायला लागतं, हे मी आमच्या राणूमध्ये बघितलं. राणू हस्की होती, मोठं माणूस उभं राहिलं तरी भिंतीला चिकटायची, आणि तिच्यात पहिला बदल दिसला तो आम्ही हात लावणं पूर्ण बंद केल्यावर.

इथनं पुढं कामं सुरू. पहिलं काम म्हणजे नाक तळहाताला लावणं. तळहात त्याच्या नाकापासून वीतभर लांब, खाली धरायचा, हुंगायला नाक पुढं आलं की "शाब्बास" आणि खाऊ. एवढंच. रोज दोन-तीन मिनिटं. यातनं त्याला कळतं की मी काहीतरी केलं की चांगलं घडतं, आणि घाबरलेल्या जनावराला नेमकी हीच गोष्ट आयुष्यात कुणी शिकवलेली नसते. मग जमिनीवर गोणपाट पसरा, त्यावर पाय ठेवला की खाऊ. मग ताडपत्री, जी आवाज करते. मग जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी, तिच्या पायऱ्यांमधनं चालायचं. मग दोन विटांवर फळी. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, फळीला वळसा घालून गेलं तरी चालेल, उद्या परत. एक गोष्ट जमली की तिथंच थांबा, उत्साहात अजून चार करून घेऊ नका.

बाहेरच्या जगासाठी एकच मोजपट्टी आहे, ते खाऊ खातंय का. आवडता खाऊ तोंडापुढं असून खात नसेल तर तुम्ही भीतीच्या गोष्टीच्या फार जवळ आहात, गप्प मागं फिरा आणि अंतर वाढवा. सुरुवात गर्दीत करूच नका, राजवाडा किंवा एसटी स्टँड हे शेवटचे पेपर आहेत. सकाळी साताऱ्यातल्या "चार भिंती" नावाच्या जागेच्या बाजूला कडेला लांब बसून चालायला येणारी माणसं नुसती बघायची, प्रत्येक माणूस दिसला की एक तुकडा चिकन, माणूस गेला की चिकन बंद. आणि एका दिवशी दोन-तीन भीतीच्या गोष्टी घडल्या, म्हणजे डॉक्टर, फटाका, भुंकणारी गल्लीतली कुत्री, तर दुसऱ्या दिवशी बाहेर न्यायचंच नाही, आत साठलेला ताण उतरायला वेळ लागतो, तोवर छोट्या गोष्टीलाही ते दचकतंय.

आवाजाचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडं गणपतीत ढोल-ताशा, डीजे आणि दिवाळीत फटाके हे ठरलेलं आहे. उन्हाळ्यातच सुरुवात करा. मोबाईलवर ढोलाचा, फटाक्याचा आवाज अगदी बारीक, जेमतेम ऐकू येईल इतका, आणि त्या वेळी जेवण. काही दिवसांनी किंचित मोठा. कान मागं गेले, खाणं थांबलं की परत बारीक. प्रत्यक्ष त्या दिवसांत घरातली आतली खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा, आणि संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणणं. खूप घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टर गोळ्या देतात, त्यात कमीपणा नाही, पण दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस विचारा, ऐन वेळी मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं काही आणून देऊ नका.

माणसापेक्षा कुत्रं कुत्र्याकडनं लवकर शिकतं. आपल्याकडं नवीन खोंड जुपायला शिकवताना त्याला एकट्याला जुवाखाली घालत नाहीत, जाणत्या बैलाच्या जोडीला लावतात, मग जाणता बैल गाडीच्या आवाजाला बुजत नाही हे बघून खोंड पण चालायला लागतं. स्लेजवाले हुबेहूब हेच करतात. टीममध्ये सगळ्यात पुढं लीड डॉग असतात, त्यांच्या मागं वळायला मदत करणारे स्विंग, मध्ये टीम डॉग आणि स्लेजच्या लगेच पुढं ताकदीचे व्हील डॉग, आणि नवीन किंवा भित्र्या कुत्र्याला मध्ये एखाद्या शांत अनुभवी कुत्र्याच्या शेजारी लावतात. आपल्याकडं टीम कुठनं आणायची, पण एक शांत, वयानं मोठं, माणसाळलेलं कुत्रं पुरतं. ते गावठी असलं तरी चालतं, उलट चांगलंच. राणूला शिकवलं ते शेजारच्या एका म्हाताऱ्या गावठी कुत्रीनं. दोघींना आधी आमनेसामने न आणता समांतर चालवायचो, रस्त्याच्या दोन कडांनी, हळूहळू अंतर कमी. ती म्हातारी टपरीवरच्या माणसांकडं शेपूट हलवत जायची आणि राणू लांबनं सगळं बघायची, मग एक दिवस तिच्या मागनं गेली.

आता खरं काम. इथं मी नाकाचं काम पहिलं ठेवतो आणि ओढण्याचं दुसरं, कारण आपल्याकडं वर्षातले बरेच महिने हस्कीला पळवणं धोक्याचं आहे. नाकाचं काम घरात, पंख्याखाली, भर मे महिन्यात पण होतं. तीन पुठ्ठ्याचे खोके, एकात खाऊ, शोध. मग सहा खोके. मग खाऊच्या जोडीला लवंग ठेवलेली छोटी डबी, आणि नंतर नुसती लवंगेची डबी, ती सापडली की खाऊ तुमच्या हातनं. मग डबी कपाटामागं, मग अंगणात, मग परड्यात. भित्र्या कुत्र्याला हे फार मानवतं, कारण इथं त्याला हुकूम द्यायला कुणी डोक्यावर उभं नसतं, ते पुढं आणि आपण मागं, आणि उत्तर त्याच्याच नाकाला माहीत असतं. हुंगताना डोकं खाली जातं, श्वास बदलतो, शेपूट हळूहळू वर येते, तुम्हाला डोळ्यानं दिसेल. दहा-पंधरा मिनिटं मन लावून हुंगलं की कुत्रं लांब फिरून आल्यासारखं थकून झोपतं.

ओढण्याचं काम करायचं तर नियम कडक. वय दीड वर्षाच्या पुढं, हाडं पक्की झालेली, डॉक्टरांनी कंबर, खुबे बघितलेले. हवा १५ अंशांच्या वर असेल तर ओढवायचं नाही, आणि दमट असेल तर त्याहूनही कमी, कारण कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं आणि दमट हवेत ते नीट होत नाही. म्हणजे साताऱ्यात नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, आणि ते पण उजाडता उजाडता. पावसाळ्यात गार वाटतं पण तो गारवा फसवा आहे, हवा पाण्यानं भरलेली असते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे, तिथं थंडीत अजून थोडी मुभा मिळते. अंधारात यवतेश्वरच्या डोंगराच्या बाजूला जाऊ नका, बिबट्या आणि गवे दोन्ही आहेत. आणि कासला फुलांच्या हंगामात कुत्रं नेऊ नका, पठार जपायचं असतं.

हार्नेस पाठीवर फुली येणारा, ज्याला एक्स-बॅक म्हणतात तो, यात जोर छातीच्या हाडावर आणि पाठीवर वाटला जातो, खांदे मोकळे राहतात. ऑनलाइन मिळतो, नाहीतर माप घेऊन बॅगा शिवणाऱ्याकडनं नायलॉनच्या पट्टीचा आणि आतनं फोमचा शिवून घेता येतो. गळ्यातल्या पट्ट्याला काहीही ओढायला बांधू नका. आधी नुसता हार्नेस घरात घालून जेवण. मग मागं हलकी दोरी लोंबती. मग तुम्ही स्वतः रिकामा प्लास्टिकचा कॅन दोरीनं ओढत त्याच्या बाजूनं लांबनं चाला, आवाज त्याच्या कानाला सवयीचा होऊ दे, मग आवाज मागनं येऊ दे, आणि हे सगळं झाल्यावरच तो कॅन त्याच्या हार्नेसला. बुजलेल्या कुत्र्याच्या मागं अचानक खडखडणारी वस्तू लागली तर ते जीव खाऊन पळतं आणि परत हार्नेस बघितला तरी लपतं, त्यामुळं या पायरीला कितीही आठवडे जाऊ देत.

मग कॅनिक्रॉस, म्हणजे तुमच्या कमरेला रुंद पट्टा, त्याला ताणली जाणारी दोन मीटरची दोरी, कुत्रं पुढं ओढतं आणि तुम्ही मागं पळता. साताऱ्याला हे सहज रुजेल असं मला वाटतं, २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉनमुळं इथं पळणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. शब्द मोजके ठेवा, चल, थांब, डावा, उजवा, आणि दुसरं कुत्रं दिसल्यावर न थांबता जायला "पुढं". घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. सुरुवातीला विजेच्या एका खांबापासनं दुसऱ्या खांबापर्यंत, आणि त्याला अजून पळायचं असतानाच थांबवायचं. एक दिवस पळणं, एक दिवस सुट्टी. स्कूटीला बांधून कुत्रं पळवणारे दिसतात, ते कधीही करू नका, कुत्रं दमलंय, पाय भाजतायत हे गाडीवरनं कळतच नाही. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. घट्ट फेसाळ लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर तो उष्माघात आहे, तिथल्या तिथं अंगावर पाणी ओता, वारा घाला, पाणी ओतत राहा आणि डॉक्टरकडं पळा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आतच अडकते.

१९२५ साली अलास्कात नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा २० माणसं आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी रिले करून १०८५ किलोमीटरवरनं साडेपाच दिवसांत औषध पोचवलं, त्यात सगळ्यात लांबचा आणि अवघड टप्पा स्लेज चालवणाऱ्या लिओनहार्ड सेप्पाला यांच्या टोगो नावाच्या हस्कीनं पुढं राहून काढला. हा टोगो पिल्लू असताना किरकोळ, आजारी आणि खोड्याळ म्हणून दुसऱ्याला देऊन टाकला होता, तिथनं खिडकीची काच फोडून तो परत आला. हार्नेस अंगात घातल्यावर लगेच शांत झाला, आणि नोमच्या त्या फेरीत तो बारा वर्षांचा होता. नको म्हणून दिलेली कुत्री माझ्या दारात येतात तेव्हा मला टोगो आठवतो.

प्रत्येक हस्की पळणारच असं मात्र नाही, आणि काम शोधताना कुत्र्याकडं बघून शोधा. काहींना पाठीवरची पिशवी मानवते, आधी रिकामी, मग दोन्ही बाजूला सारखं वजन, सगळं मिळून त्याच्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे २० किलोच्या कुत्रीला फार तर दोन किलो. अजिंक्यताऱ्यावर थंडीतल्या सकाळी स्वतःचं पाणी स्वतः वाहून नेणारं कुत्रं बघा कसं चालतंय. काहींचं काम म्हणजे घरातल्या हरवलेल्या किल्ल्या शोधणं, काहींचं नवीन आलेल्या बुजऱ्या पिल्लाला सोबत करणं, आणि हे काम फार मोलाचं आहे. शाळेत नाहीतर वृद्धाश्रमात नेऊन अनोळखी लोकांना हात लावू देणं हे बहुतेक भित्र्या कुत्र्यांसाठी नाही, ते सहन करतंय याचा अर्थ त्याला आवडतंय असा घेऊ नका.

तुम्ही फक्त सांभाळून पुढं घर शोधून देणार असाल तर त्या घरी हे विचारा, घर किती थंड राहतं, उन्हाळ्यात कूलर-एसी आहे का, पहाटे उठून कोण पळणार, दिवसभर कुत्रं एकटं राहणार का, दुसरं कुत्रं आहे का, गेट कसलं आहे. घर मोठं आहे, फार्महाऊस आहे, यावर जाऊ नका, वन बीएचकेमध्ये राहणारा पण रोज पळणारा माणूस हस्कीला जास्त चांगला. देताना त्याची चटई, हार्नेस, लवंगेची डबी सोबत द्या, आणि एका कागदावर लिहून द्या, कुठले शब्द कळतात, कशाला घाबरतं, घाबरल्यावर काय केलं की शांत होतं, कुठं हात लावलेला आवडत नाही. कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप करून घ्या आणि पट्ट्यावर नवीन मालकाचा फोन नंबर शिवून द्या. नवीन घरी ते परत थोडं बुजणारच, म्हणून पहिले काही आठवडे तिथं पण दोन दोऱ्या, एक खोली, आणि लवंगेचा खेळ पहिल्या खोक्यापासनं.